अण्णांच्या पोटरीतले गोळे

अण्णांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून सिस्टरनी हवा भरली आणि तेवढ्यात बाहेर कुणाला तरी चक्कर आली म्हणून त्या पट्टा तसाच ठेवून धावल्या. तीनेक मिनिटांनी परत आल्या तर अण्णांचा पंजा मनगटात वाकलेला, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळव्याकडे ओढलेला. कासाराकडे बांगड्या भरायला हात पुढे करतात, अगदी तसा.

"हे असं घरी पण होतंय," अण्णा शांतपणे म्हणाले. "पोराच्या मशीनवर बीपी बघताना. मशीनच खराब हाय म्हणून दुसरी आणली."

पहिली मशीन चांगली होती. दंडाचा रक्तपुरवठा काही मिनिटं अडवला की हात असा वळणं ही एकोणिसाव्या शतकातल्या त्रूसो या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी खूण आहे, आणि ती रक्तातलं कॅल्शियम उतरल्याचं सांगते. अण्णा आले होते मधुमेहासाठी. मी त्यांच्या शुगरच्या फाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो आणि खरी बातमी पट्ट्याखाली होती. (हे प्रकरण अण्णांच्या परवानगीने लिहितो आहे. गाव, वय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अण्णा साठीच्या आतले, करवीर तालुक्यातले, स्वतःचं गुऱ्हाळ असलेले. मधुमेह ११ वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही पुरेशा डोसमध्ये चालू. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी. तक्रारींची यादी त्यांनी स्वतः केली नव्हती, काकूंनी केली होती: रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, उठून भिंतीला पाय लावून उभं राहावं लागतं, डोळ्याची पापणी फडफडते, ओठांभोवती मुंग्या, मधूनच छातीत धडधड, आणि "पहिल्यासारखा उरक राहिला न्हाई." गोळे गुऱ्हाळाच्या हंगामात जास्त येतात, चुलवणाजवळ घाम जातो म्हणून, असं घरात ठरून गेलं होतं. पोटॅशियम कमी असल्याचं महिन्यापूर्वीच कळलं होतं आणि त्याचं सिरप १५ दिवस झालं होतं. पोटॅशियम जागचं हललं नव्हतं.

मी विचारलं, "गोड?"

"साखर कवाच सोडलीया. घरचा गूळ तेवढा. त्यात लोह असतंय, मॅग्नेशियम असतंय. मोबाइलवर आलंय की."

शिवाय ऑनलाइन मागवलेला एक डबा होता. त्यांनी तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. क्रोमियम पिकोलिनेट २०० मायक्रोग्रॅम, झिंक ५० मिलिग्रॅम, सेलेनियम. मॅग्नेशियमचा मात्र त्यात पत्ता नव्हता. सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी, हेही होतंच.

एवढी खनिजं पोटात जात असताना कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही खाली कसं? दोन्ही एकत्र घसरलेले आणि पोटॅशियम देऊनही चढत नसलेलं दिसलं, की तिसऱ्याकडे बोट जायला हवं. नेहमीच्या तपासण्यांच्या पॅकेजमध्ये मॅग्नेशियम बहुधा नसतं. ते वेगळं लिहून पाठवावं लागतं. आम्ही पाठवलं.

संध्याकाळी आलेले आकडे: मॅग्नेशियम ०.९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर (साधारण १.७ ते २.२ हवं). पोटॅशियम २.९. कॅल्शियम ७.६, आणि रक्तात कॅल्शियमला धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे प्रथिन व्यवस्थित, म्हणजे घट खरी. रक्तातलं कॅल्शियम वर ठेवणारं पॅराथायरॉइड हार्मोन १४. कॅल्शियम इतकं उतरलेलं असताना हा आकडा खरं तर खूप वर असायला हवा होता. क्रिएटिनिन १.०, म्हणजे मूत्रपिंडं ठीक. उपाशीपोटीची शुगर १९८, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ९.६. ईसीजीत क्यूटी अंतर, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबलेलं आणि अधूनमधून एखादा चुकार ठोका. त्या रात्री अण्णांना घरी पाठवलं नाही.

या आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो मॅग्नेशियमपासून सुरू होतो. पॅराथायरॉइड ग्रंथीला हार्मोन सोडायला मॅग्नेशियम लागतं. ते फारच कमी झालं की ग्रंथी मुकी होते आणि कॅल्शियम घसरतं. मूत्रपिंडात पोटॅशियम बाहेर टाकणाऱ्या वाटेच्या तोंडाशी मॅग्नेशियम बुचासारखं बसलेलं असतं; बूच गेलं की पोटॅशियम लघवीतून वाहतच राहतं. १५ दिवसांचं सिरप फुटक्या घागरीत ओतलं गेलं होतं, ते असं. आणि पोटॅशियम कमी झालं की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन सोडणाऱ्या पेशीही हात आखडता घेतात.

मधुमेहाशी मॅग्नेशियमचं याहून जवळचं नातं आहे. पेशी एटीपी हे इंधन नुसतं वापरत नाहीत, मॅग्नेशियमला जोडूनच वापरतात. शरीरातल्या ३०० हून अधिक एन्झाइमना ते लागतं. इन्सुलिन पेशीच्या दाराशी येऊन कडी वाजवतं, तेव्हा आत निरोप पोचवण्याची पहिली पायरीच या जोडीवर चालते. मॅग्नेशियम कमी पडलं की इन्सुलिन असूनही ऐकू जात नाही. उलट बाजूने, रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की ती लघवीत उतरते, पाणी ओढून नेते आणि पाण्याबरोबर मॅग्नेशियमही. म्हणजे शुगर वाढली म्हणून मॅग्नेशियम गेलं, आणि मॅग्नेशियम गेलं म्हणून शुगर आवरेना. तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलासारखं हे गोल गोल चालतं.

आणखी एक अडचण अशी, की शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी १ टक्काही रक्तद्रवात नसतं. बाकी सगळं हाडांत आणि पेशींत. त्यामुळे रक्तातला आकडा ठीक दिसला तरी साठा रिकामा असू शकतो. ०.९ म्हणजे तर तळ खरवडणं चालू होतं.

गळती कुठे होती

खाण्यात कमतरता होती का? काकूंना बसवून आठवड्याचं जेवण लिहून घेतलं. सकाळी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, रात्री एक भाकरी आणि भात. कडधान्याची आमटी किंवा उसळ. शेंगदाण्याचा कूट जवळपास प्रत्येक भाजीत. हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सव्वाशेच्या पुढे मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत आणखी ५० च्या आसपास. पॉलिश केलेला तांदूळ मात्र अगदीच कंजूष. कोल्हापुरातल्या शेतकरी घरातलं हे ताट शहरातल्या पाव-बिस्किटांच्या ताटापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. ताटात भोक नव्हतं.

मग लघवीतलं मॅग्नेशियम मोजलं. शरीरात इतका दुष्काळ असताना मूत्रपिंडाने ते मुठीत धरून ठेवायला हवं. गाळलेल्यापैकी २ टक्क्यांहून कमी बाहेर पडायला हवं. अण्णांचं ६ टक्के जात होतं. वाढलेली शुगर हे एक कारण. दुसरं बीपीच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन. ते मिठाबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही घालवतं. औषध वाईट नाही, अनेकांना ते मीही देतो, पण ज्याची घागर आधीच गळते त्याला नाही.

तिसरं कारण कागदावर नव्हतंच. मी पुन्हा विचारलं, अजून काही गोळी? नाही. झोपेची? नाही. आयुर्वेदिक? नाही. मग काकू म्हणाल्या, "ती सकाळची गॅसची गोळी सांगा की." ती गोळी आहे असं अण्णांना वाटतच नव्हतं. उठायचं, तोंड धुवायचं, गॅसची गोळी टाकायची, मग चहा. सहा वर्षं. कधी तरी तांबड्या रश्श्यानंतर जळजळ झाली, कुणी दोन आठवड्यांची पँटोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी गोळी लिहून दिली, आणि पुढे मेडिकलवाला ओळखीचा असल्यावर चिठ्ठी कोण मागतंय? या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींच्या आतड्यातून मॅग्नेशियम शोषलंच जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल २०११ मध्ये इशारा दिला होता. कोल्हापुरात मात्र तिखट आणि गॅसची गोळी यांचं लग्न लागलेलं आहे आणि ते मोडायला कुणी तयार नसतं.

तर आतड्यातून आवक बंद, मूत्रपिंडातून जावक तिप्पट. याला आहारातली कमतरता म्हणणं अण्णांवर आणि काकूंच्या स्वयंपाकावर अन्याय झाला असता. माझ्या पाहण्यात दीर्घकाळच्या मधुमेहींमध्ये खनिजांची जी मोठी कमतरता सापडते, ती बहुतेक वेळा आजाराने आणि आमच्याच चिठ्ठीने तयार केलेली असते. तिला पावडरीचा डबा हे उत्तर नसतं.

डबा

तरीही डब्याचा हिशेब अण्णांनी मागितला, कारण त्याला १,४०० रुपये पडले होते.

क्रोमियमची गोष्ट रंजक आहे. १९५९ मध्ये श्वार्ट्झ आणि मेर्ट्झ या अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून सांगितलं की साखर पचवायला मदत करणारा घटक म्हणजे क्रोमियम. पुढे शिरेतूनच पोषण दिल्या जाणाऱ्या एका रुग्णाची शुगर क्रोमियमने सुधारल्याची नोंद १९७७ मध्ये झाली, आणि मग गोळ्यांचा बाजार भरला. पण २०१४ पर्यंत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळा पुरावा चाळून म्हटलं की क्रोमियम माणसाला अत्यावश्यक आहे असं दाखवता येत नाही. चाचण्यांचे निकाल कुठे थोडा फायदा, कुठे शून्य, असे विखुरलेले आहेत. मधुमेहावरच्या अमेरिकन संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही कमतरता नसताना खनिजांच्या गोळ्या सरसकट घ्यायला सांगत नाहीत.

झिंकचं इन्सुलिनशी नातं मात्र पक्कं. स्वादुपिंडात इन्सुलिनचे सहा रेणू झिंकभोवती गोळा होऊन साठवले जातात. १९३४ मध्ये स्कॉट यांनी इन्सुलिनचे स्फटिक झिंकच्या मदतीनेच बनवून दाखवले होते. पण कोठाराला दार लागतं म्हणून दारंच दारं आणून रचली तर धान्य वाढत नाही. रोज ५० मिलिग्रॅम झिंक महिनोन्महिने घेतलं तर ते आतड्यात तांब्याला अडवतं. म्हणजे अण्णा सकाळी तांब्याचं पाणी पिऊन तांबं घेत होते आणि नाश्त्यानंतर झिंक घेऊन तेच अडवत होते. सेलेनियमचं तर उलटंच. त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळला. २००७ मध्ये ते छापून आलं.

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे चुन्यासारखं."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. रस काहिलीत उकळताना भेंडीचं पाणी घालून मळी वर काढतात आणि आंबटपणा मारायला चुन्याची निवळी टाकतात. बेतानं टाकली तर गूळ धरतो, कणीदार होतो. न टाकावी तर चिकट राहतो. आणि नवा गुळव्या हाताचा अंदाज चुकून जास्त टाकतो तेव्हा गूळ काळा पडतो, मग शाहू मार्केट यार्डात त्या रव्याला, म्हणजे ढेपेला, दर मिळत नाही. खनिज आणि शरीर यांच्याबद्दल एवढं नेमकं मी विद्यार्थ्यांना कधी सांगू शकलो नव्हतो. तेव्हापासून सांगतो, अण्णांचं नाव न घेता.

गुळाचा विषय काढायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती. आम्ही कागदावर मांडलं: तीन कप चहा, प्रत्येकी १५ ग्रॅम. जेवणावर शेंगदाण्याबरोबर एक खडा, २५ ग्रॅम. हंगामात गुऱ्हाळात चव बघणं, दिवसाला ३० तरी. एकूण १०० ग्रॅम. कोल्हापुरी गुळाचं नाव मोठं आहे आणि मला तो आवडतो, पण १०० ग्रॅम गुळात ८० ग्रॅमांहून जास्त साखरच असते. चारशेच्या जवळ कॅलरी. लोह काही मिलिग्रॅम, तेही काहिलीवर आणि गाळण्यावर अवलंबून. मॅग्नेशियम असतं, नाही असं नाही, पण तेवढं दोन भाकऱ्यांत आधीच मिळत होतं. खनिजाच्या नावाखाली अण्णा रोज साखरेचे सोळा-सतरा चमचे खात होते.

"आमच्या घरचा, बिनहायड्रॉसचा हाय," हा शेवटचा बचाव. रंग उजळायची हायड्रॉस पावडर न घातलेला गूळ केव्हाही चांगला. पण रक्तातल्या साखरेला ते ठाऊक नसतं.

उपचार आणि पुढचं वर्ष

शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट सावकाश, ईसीजीच्या देखरेखीखाली, दोन दिवस. पोटॅशियम तोंडावाटे. तिसऱ्या दिवशी मॅग्नेशियम १.९, पोटॅशियम ३.८, कॅल्शियम ८.६; पट्टा पाच मिनिटं फुगवून ठेवला तरी हात सरळ. जे सिरप १५ दिवसांत करू शकलं नाही ते मॅग्नेशियम भरल्यावर झालं. क्लोरथॅलिडोन काढून अॅम्लोडिपिन दिलं. घरी जाताना मॅग्नेशियमच्या गोळ्या, रोज सुमारे ३०० मिलिग्रॅम, दोन भागांत, कारण एकदम घेतल्या तर जुलाब होतात आणि जुलाबात पुन्हा मॅग्नेशियम जातं. मूत्रपिंडं चांगली होती म्हणून हे करता आलं. क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाने या गोळ्या मनाने घेणं धोक्याचं, तिथे मॅग्नेशियम साचतं.

पँटोप्रॅझोल सोडणं सगळ्यांत अवघड गेलं. सहा वर्षांनी एकदम बंद केली की आम्ल उसळी मारतं आणि रुग्णाला वाटतं, बघा, मला ही लागतेच. दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मधल्या दिवशी फॅमोटिडीन ही दुसऱ्या जातीची आम्लाची गोळी, रात्रीचं जेवण साडेआठच्या आत. एंडोस्कोपी करून घेतली होती, अल्सर नव्हता.

पोटऱ्यांतले गोळे दोन आठवड्यांत थांबले. एचबीएवनसी तीन महिन्यांनी ८.१, सहा महिन्यांनी ७.३, त्याच औषधांवर. यातलं मॅग्नेशियमचं श्रेय किती? माझा अंदाज, थोडं. गूळ ९० टक्के सुटला होता, पाय दुखायचे थांबल्याने अण्णा रोज पहाटे शेताच्या बांधावरून तासभर चालत होते, पोटॅशियम भरून आलं होतं. सगळं एकदम बदललं, त्यामुळे वाटण्या करता येत नाहीत. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी शुगर उतरते असं सांगणाऱ्या छोट्या चाचण्या आहेत, उतरत नाही असं सांगणाऱ्याही आहेत. मुळात ज्यांच्यात कमतरता होती त्यांना फायदा होण्याची शक्यता जास्त, एवढंच मी धरून चालतो. मॅग्नेशियम भरपूर असलेलं अन्न खाणाऱ्यांत मधुमेह कमी दिसतो हे मोठ्या पाहण्यांतून आलेलं आहे, पण ते अन्न म्हणजे अख्खं धान्य, डाळी, पालेभाज्या, दाणे. त्यांत तंतूही असतात. श्रेय कुणाला द्यायचं?

याच घरातली दुसरी नोंद इथेच करतो. अण्णांची सून, तिशीतली, एका शिबिरात एचबीएवनसी ६.३ आलं म्हणून घाबरून आली. सासऱ्यांचं बघून तिने भात सोडला होता. तिचं हिमोग्लोबिन ८.४ आणि लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ६ होतं. लोहाची कमतरता असली की लाल पेशी जास्त काळ फिरत राहतात आणि एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं. ग्लुकोज पिऊन केलेली चाचणी अगदी व्यवस्थित आली. लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन १२ वर गेलं तेव्हा एचबीएवनसी ५.६ होतं. त्या घरात खरी लोहाची गरज होती ती तिला, आणि लोहासाठी म्हणून गूळ खात होते सासरे.

आठव्या महिन्यात अण्णांनी नकळत एक प्रयोग केला. आखाडातली जेवणं लागली. पाहुण्यांकडे मटण, तांबडा-पांढरा, वाटीवर वाटी, आणि जळजळ. मेडिकलमधून पँटोप्रॅझोल पुन्हा आली, रोज सकाळी. मॅग्नेशियमच्या गोळ्या तोवर थांबवलेल्या होत्या. पाचव्या आठवड्यात पापणी फडफडायला लागल्यावर ते स्वतःहून आले: मॅग्नेशियम १.४. शुगर यावेळी बरी होती, क्लोरथॅलिडोन नव्हतं, आणि लघवीतून १ टक्काही जात नव्हतं. मूत्रपिंड मुठीत धरून बसलं होतं. दार आतड्याचं बंद होतं. पहिल्या खेपेला दोन्ही औषधं एकाच वेळी बंद केल्याने जे मला कळलं नव्हतं ते आखाडाने दाखवून दिलं. गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी १.८.

आता चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेलं असतं, "गॅसची गोळी विचारून." मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दर सहा महिन्यांनी. जेवणात मी फारसं काही बदललं नाही. भात निम्मा करून रात्रीचीही एक भाकरी वाढवली, ज्वारीच्या जोडीला कधी नाचणी, आणि मटकी-हरभरे भिजवून मोड आणून, कारण मोड आले की खनिजांना बांधून ठेवणारं फायटेट कमी होतं. काकू म्हणाल्या, हे तर आम्ही करतोच.

प्रश्न राहिला गुऱ्हाळाचा. हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मालकाने पाक चाखायचा नाही हे अण्णांच्या गळी उतरेना. शेवटी गुळव्यालाच ओपीडीत बोलावलं. तो म्हणाला, पाक आला का हे जिभेला विचारायची गरजच नसते. थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी वळायची, टणक लागली की काहील उतरवायची. हे त्याला इतकं साधं वाटलं की आम्ही काय विचारतो आहोत तेच कळेना. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ते तुला कळतंय रं. मालकाला कसं कळायचं?"